प्रथिनांचा टक्का आणि कोंबडीची गरज

ब्रॉयलरचे पिल्लू चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन-सव्वादोन किलोचे होते आणि या वाढीवर होणाऱ्या खर्चापैकी ६५ ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. खाद्यातला मोठा पैसा प्रथिने पुरवणाऱ्या पेंडीत जातो. एवढ्या महागड्या घटकाचा हिशेब मात्र आपण अजूनही एकाच आकड्यात मांडतो. व्यापारी पेंडीचा भाव प्रथिनांच्या टक्क्यांवर सांगतो, शेतकरी तयार खाद्याचा कस त्याच टक्क्यांवरून जोखतो आणि सरकारी मानकही त्याच आकड्यापासून सुरू होते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर खाद्यात अनुक्रमे किमान २३, २२ आणि २० टक्के क्रूड प्रोटीन सांगितले आहे. या आकड्याला इतके महत्त्व देणे चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. कोंबडीच्या शरीराला लागतात ती पचणारी अमिनो आम्ले, तीही एकमेकांशी ठरावीक प्रमाणात, आणि उरलेली अमिनो आम्ले स्वतः बनवण्यापुरता नत्र. ही गरज भागली की प्रथिनांचा टक्का जिथे येईल तिथे येऊ द्यावा. आधी टक्का ठरवून मग त्यात अमिनो आम्ले बसवली, तर पैसा, पक्ष्याची तब्येत आणि शेडमधली हवा या तिन्हींची किंमत मोजावी लागते.

हा टक्का येतो कुठून, ते आधी पाहू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नत्र मोजण्याची रीत दिली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातला सगळा नत्र अमोनियाच्या रूपात काढायचा, मोजायचा आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो, म्हणून हा गुणक. रीत स्वस्त आणि खात्रीची आहे, म्हणूनच ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. पण ती मोजते नत्र. तो सोयाबीनमधून आला, पिसांच्या भुकटीतून आला की युरियातून आला, हे तिला कळत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळण्याचा जो भयंकर प्रकार उघडकीस आला, त्याचे मूळ याच आंधळेपणात होते. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नत्र असतो, त्यामुळे पाणी घातलेले दूधही चाचणीत प्रथिनयुक्त दिसले. सुक्या मासळीच्या भुकटीत आणि पेंडीत युरिया मिसळण्याची युक्ती आपल्याकडच्या खाद्य-व्यवसायालाही अनोळखी नाही. भेसळ बाजूला ठेवली तरी मूळ अडचण राहतेच. शेंगदाणा पेंड आणि सोया पेंड दोन्ही ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने दाखवतात. सोया पेंडीत मात्र लायसिन पावणेतीन टक्क्यांच्या घरात असते, तर शेंगदाणा पेंडीत दीड टक्क्याच्या जरा पुढे. ज्या आकड्याला हा फरक दिसत नाही, तो आहाराचा पाया होऊ शकत नाही.

सर्व प्रथिने सारखी नसतात, हे विज्ञानाला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते आणि ते कळले मक्यामुळे, हे कोंबडीपालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि विलकॉक यांनी १९०६ मध्ये उंदरांना मक्यातले झेईन हे एकच प्रथिन दिले, तेव्हा उंदीर जगेनात. ट्रिप्टोफॅन घातल्यावर ते जास्त दिवस तगले. पुढे ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी दाखवले की झेईनला ट्रिप्टोफॅनची जोड दिली तर उंदराचे वजन टिकते, पण लायसिनही दिल्याशिवाय ते वाढत नाही. प्रथिनांत सर्वत्र आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी शेवटचे, थ्रिओनिन, विल्यम रोझ यांनी १९३५ मध्ये शोधले आणि त्यानंतरच प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लांचे मिश्रण देऊन प्राणी वाढवता येऊ लागले. कोंबडीची गरज आपल्यापेक्षा काही बाबतींत निराळी आहे. सस्तन प्राणी नको असलेला नत्र युरिया बनवून बाहेर टाकतात आणि त्या प्रक्रियेत आर्जिनिन आपोआप तयार होते. पक्ष्यांत ते युरियाचे चक्र चालत नाही. ते नत्र युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, म्हणून आर्जिनिन त्यांना सगळेच्या सगळे खाद्यातून मिळावे लागते. शिवाय युरिक आम्लाचा प्रत्येक रेणू बनवताना ग्लायसिनचा एक रेणू खर्ची पडतो. नको असलेला नत्र बाहेर काढायलाही पक्ष्याला एक अमिनो आम्ल मोडावे लागते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. तिसरा फरक पिसांचा. पिसांच्या केराटिनमध्ये गंधकयुक्त सिस्टिन भरपूर असते आणि सिस्टिन कमी पडले तर पक्षी ते मेथिओनिनपासून बनवतो. उलट दिशेने हे घडत नाही. वाढत्या पिल्लाला मांसही बनवायचे असते आणि अंगभर पिसेही, म्हणून मका-सोयाच्या खाद्यात सर्वांत आधी अपुरे पडते ते मेथिओनिन. त्यानंतर लायसिन, मग थ्रिओनिन आणि मग बहुधा व्हॅलिन.

याचा अर्थ आकड्यांत मांडून पाहू. शंभर किलो खाद्यात ६० किलो मका, ३५ किलो सोया पेंड आणि उरलेल्या पाच किलोंत तेल, खनिजे, मीठ, जीवनसत्त्वे असे मिश्रण धरू. मक्यात साडेआठ टक्के आणि पेंडीत ४६ टक्के प्रथिने धरली, तर मिश्रणात प्रथिने २१.२ टक्के येतात. लायसिन १.१३ टक्के भरते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये पहिल्या तीन आठवड्यांसाठी १.१० टक्के सांगितले होते, म्हणजे तिथे अडचण नाही. मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून मात्र ०.६७ टक्केच भरतात आणि गरज आहे ०.९० ची. ही तूट फक्त पेंडीने भरायची ठरवली, तर मका कमी करत करत पेंड ५९-६० किलोपर्यंत न्यावी लागते आणि खाद्यातली प्रथिने ३० टक्क्यांवर जातात. म्हणजे एका घटकाची तूट भरण्यासाठी बाकी सगळे गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओतायचे. दुसरा मार्ग म्हणजे एका टनाला साधारण सव्वादोन-अडीच किलो मेथिओनिन मिसळायचे आणि मिश्रण होते तसेच ठेवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात बनलेले डीएल-मेथिओनिन (डी आणि एल या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांचे मिश्रण) स्वस्त झाले आणि कोंबडीखाद्याचे गणित बदलले. पक्षी डी रूपातल्या मेथिओनिनचे यकृत आणि मूत्रपिंडात शरीराला लागणाऱ्या एल रूपात रूपांतर करू शकतो, हे त्याचे सुदैव. लायसिनला ही सवलत नाही. म्हणून लायसिनचा उद्योग कोरीनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूच्या किण्वनावर उभा राहिला, कारण जिवाणू एल रूपच बनवतो. हा जिवाणू जपानमध्ये १९५६-५७ च्या सुमारास हाती आला आणि एका-दोन वर्षांत लायसिनचे उत्पादन सुरू झाले.

अमिनो आम्ले सुटी मिळू लागल्यावर प्रश्न आला प्रमाणाचा. यातली सर्वांत उपयोगी कल्पना ‘आदर्श प्रथिना’ची. प्रत्येक अमिनो आम्लाची गरज स्वतंत्रपणे शोधत बसण्यापेक्षा लायसिनला १०० धरायचे आणि बाकीच्यांचे प्रमाण त्याच्याशी बांधायचे. इलिनॉय विद्यापीठात कोंबडीवर अनेक दशके चाललेल्या कामातून डेव्हिड बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पहिल्या तीन आठवड्यांसाठी असे प्रमाण मांडले: मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून ७२, थ्रिओनिन ६७, व्हॅलिन ७७, आयसोल्युसिन ६७, आर्जिनिन १०५, ट्रिप्टोफॅन १६. लायसिनच का, याची कारणे व्यावहारिक आहेत. ते जवळपास सगळे मांस बनवण्यातच खर्च होते, ते मोजायला सोपे आहे आणि त्याच्या गरजेवरचे प्रयोग सर्वांत जास्त आहेत. या कल्पनेची खरी ताकद अशी, की परिस्थिती बदलली तरी प्रमाण फारसे बदलत नाही. जात सुधारली, ऊर्जा वाढवली, उन्हाळ्यात पक्षी कमी खाऊ लागले, तर लायसिनचा एक आकडा नव्याने ठरवायचा आणि बाकीचे आपोआप ठरतात. आजच्या जातींसाठी ब्रीडर कंपन्या पहिल्या दहा दिवसांना पचनीय लायसिनच १.३ टक्क्यांच्या आसपास सुचवतात. १९९४ च्या १.१० टक्के एकूण लायसिनपेक्षा हे बरेच जास्त आहे. जुन्या तक्त्यावर आजचा पक्षी वाढवणाऱ्याने एवढे अंतर ध्यानात घ्यावे.

मात्र ‘पचनीय’ या अटीकडे दुर्लक्ष झाले तर प्रमाणाचा सगळा हिशेब कागदावरच राहतो. प्रयोगशाळेत पेंडीतले लायसिन मोजले जाते आणि ते सगळे पक्ष्याला मिळेल असे आपण धरतो. चांगल्या सोया पेंडीतले लायसिन ८८ ते ९० टक्के पचते, तर सरकीच्या पेंडीतले बऱ्याचदा ६५-७० टक्केच. सरकीतले गॉसिपॉल आणि प्रक्रियेतली उष्णता दोन्ही लायसिनला बांधून ठेवतात. पचन मोजायची जागाही नेमकी हवी. कोंबडीच्या मोठ्या आतड्याजवळच्या सीकम या दोन पिशव्यांतले जिवाणू अमिनो आम्ले खातात आणि नवी बनवतात, म्हणून विष्ठा तपासून काढलेला आकडा फसवा ठरतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला माल तपासून काढलेली पचनीयताच आज प्रमाण मानतात. आता सोया पेंड जरा जवळून पाहू, कारण आपल्या खाद्यातली बहुतेक प्रथिने तिथूनच येतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटक असतो, त्यामुळे ते शेकल्याशिवाय चालत नाही. १९१७ मध्ये ऑसबोर्न आणि मेंडेल यांनीच हे दाखवले होते. पण उष्णता जास्त झाली तर लायसिनचा साखरेशी संयोग होतो, पेंड तांबूस पडते आणि ते लायसिन चाचणीत काही अंशी दिसले तरी शरीराला वापरता येत नाही. म्हणजे पेंड बिघडण्याचे दोन मार्ग आहेत: कमी शेकणे आणि जास्त शेकणे. कमी शेकलेली पेंड युरिएज चाचणीत पकडली जाते, जास्त शेकलेली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात प्रथिने किती विरघळतात त्यावरून. विद्राव्यता ७८ ते ८५ टक्के असली तर पेंड बेताची शेकली आहे, ७० च्या खाली गेली तर करपली असे समजावे. या दोन्ही चाचण्यांना मोठे यंत्र लागत नाही. आणि या दोन्ही पेंडींचा क्रूड प्रोटीनचा आकडा मात्र तंतोतंत सारखाच येतो.

गेल्या काही वर्षांत हा मुद्दा आणखी तातडीचा झाला आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले आणि त्यांतून उरलेला सुकवलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्तात बाजारात आला. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने सोया पेंडीच्या तोडीची दिसतात, म्हणून टक्क्यांवर खरेदी करणाऱ्याला तो मोठा फायद्याचा सौदा वाटतो. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने २८ टक्क्यांच्या घरात आणि लायसिन ०.८ टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे त्याच्या शंभर ग्रॅम प्रथिनांत तीन ग्रॅमही लायसिन नाही. सोया पेंडीच्या शंभर ग्रॅम प्रथिनांत सहा ग्रॅम असते. त्यातही सुकवताना दिलेल्या उष्णतेने पचनीयता घसरते आणि ती प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक खेपेला निराळी असते. डीडीजीएस वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. त्यातली ऊर्जा आणि फॉस्फरस उपयोगाचे आहेत आणि पचनीय लायसिनवर किंमत केली तर त्याला आहारात रास्त जागा मिळते. टक्क्यावर किंमत केली तर मात्र पक्षी वाढत का नाही, याचे कारण शेवटपर्यंत सापडत नाही आणि दोष पिल्लाला किंवा पाण्याला दिला जातो.

‘गरज’ हा एकच ठाम आकडा असतो, हाही एक गैरसमज. लायसिन वाढवत नेले की वजन वाढते, मग वाढीचा वेग मंदावतो आणि शेवटी थांबतो. त्या वळणावर नेमकी रेघ कुठे मारायची हे वापरलेल्या गणितावरही अवलंबून असते. महत्त्वाचे म्हणजे वजनासाठी लागणारे लायसिन सर्वांत कमी, एफसीआर (किलोभर वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) सुधारण्यासाठी लागणारे त्याहून जास्त आणि छातीचे मांस जास्तीत जास्त मिळवण्यासाठी लागणारे बहुधा सर्वांत जास्त असते. अमेरिका, ब्राझील किंवा युरोपातला उद्योग छातीचे मांस कापून विकतो, म्हणून तिथल्या शिफारशी त्या ध्येयाकडे झुकलेल्या असतात. आपल्याकडे बहुतेक कोंबडी जिवंत वजनावर विकली जाते. पुणे, नाशिक, रायगड या पट्ट्यांत करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला किलोवर आणि एफसीआरवर मिळतो. तेव्हा परदेशी कंपनीच्या पुस्तिकेतला सर्वांत वरचा आकडा डोळे झाकून उचलणे म्हणजे ज्या मांसाचा वेगळा भाव मिळतच नाही त्यासाठी पैसे मोजणे. ड्रेस्ड मालाचा व्यवसाय करणाऱ्याने मात्र तोच आकडा घ्यावा. प्रथिनांचा एकच किमान टक्का सर्वांना लावणाऱ्या पद्धतीत हा विचार करायला जागाच नाही.

आता जास्तीच्या प्रथिनांचे काय होते ते पाहू. सव्वादोन किलोचा पक्षी तयार होईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. त्यात सरासरी २० टक्के प्रथिने धरली तर ७०० ग्रॅम प्रथिने, म्हणजे ११२ ग्रॅम नत्र पोटात जातो. पक्ष्याच्या शरीरात साधारण १८ टक्के प्रथिने असतात, म्हणजे त्यातला ६५ ग्रॅमच्या आसपास नत्र अंगी लागला. उरलेला पंचेचाळीस-सत्तेचाळीस ग्रॅम शेडमध्ये पसरलेल्या भुशाच्या गादीत पडला. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचमध्ये हा नत्र सव्वादोनशे किलोंच्या वर जातो. यावर शेतकऱ्याचा आक्षेप असा असतो, की तो वाया कुठे जातो, कोंबडीखत चांगल्या भावाने विकले जाते. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. युरिक आम्लाचा मोठा भाग गादीतल्या ओलाव्यात जिवाणूंमुळे अमोनिया होऊन हवेत उडतो, त्यामुळे तो खतातही राहत नाही आणि पक्ष्यातही. तो राहतो शेडच्या हवेत, पक्ष्यांच्या डोळ्यांत आणि श्वासनलिकेत आणि सकाळी पडदे वर करायला आत शिरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत. हवेत २५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की पक्ष्यांना त्रास होतो, हे सर्वमान्य आहे. शिवाय जास्तीची प्रथिने आणि पेंडीतले पोटॅशियम यांमुळे पक्षी पाणी जास्त पितो, गादी ओली होते आणि तळपाय चिघळतात. खाद्यातली प्रथिने एक टक्क्याने उतरवली, तर बाहेर पडणारा नत्र ८ ते १० टक्क्यांनी घटतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. सोया पेंडीच्या भावाने खत बनवणे परवडणारे नाही, एवढेच यावर म्हणायचे. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात याला आणखी एक पैलू आहे. जास्तीची अमिनो आम्ले मोडताना उष्णता निर्माण होते आणि धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ती उष्णता बाहेर टाकणे जड जाते. उन्हाळ्यात खाणे कमी होते म्हणून प्रथिने वाढवावीत असा सल्ला सर्रास दिला जातो. वाढवायची ती अमिनो आम्लांची घनता, तीही तोल सांभाळून. नुसती पेंड वाढवणे चुकीचे.

मग प्रथिने कुठवर उतरवता येतील? या प्रश्नावर मला कमी-प्रथिन आहाराच्या उत्साही समर्थकांचीही बाजू घेता येत नाही. सगळी आवश्यक अमिनो आम्ले कागदोपत्री पुरेशी ठेवून प्रथिने १८-१९ टक्क्यांच्या खाली नेली, तर पुष्कळ प्रयोगांत वाढ मंदावली, एफसीआर बिघडला आणि पोटातली चरबी वाढली. कारणे आता बरीच उलगडली आहेत. ग्लायसिन आणि सेरिन अनावश्यक मानले जातात, पण कोवळ्या पिल्लाला स्वतःपुरते ग्लायसिन बनवता येत नाही. पेंड कमी झाली की ते पहिल्यांदा कमी पडते. पेंडीबरोबर पोटॅशियमही कमी होते आणि लायसिन हायड्रोक्लोराइडबरोबर क्लोराइड वाढते, त्यामुळे सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांचा तोल ढळतो. हा तोल किलोमागे २०० ते २५० मिलिइक्विव्हॅलंटच्या दरम्यान राखावा लागतो आणि त्यासाठी मिठाचा काही भाग काढून खाण्याचा सोडा घालतात. पेंडीची जागा मक्याने घेतली की ल्युसिन वाढते आणि ते व्हॅलिन-आयसोल्युसिनच्या आड येते. ज्वारीतही ल्युसिन जास्त असल्याने ज्वारीवर खाद्य बसवणाऱ्यानेही हे लक्षात घ्यावे. लायसिन फार झाले तर मूत्रपिंडातले आर्जिनेज वाढते आणि आर्जिनिन मोडले जाते. सुटी अमिनो आम्ले आतड्यात फार लवकर शोषली जातात, तर पेंडीतली हळूहळू सुटतात. मांस बनवायला सगळी एकाच वेळी हजर लागतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्टार्च आणि प्रथिने पचण्याच्या वेगांचा मेळ घालण्यावर भर दिला आहे, तो याच कारणाने. म्हणून माझे मत असे, की मेथिओनिन, लायसिन आणि थ्रिओनिन व्यवस्थित घालून, गरज पडली तर व्हॅलिन आणि आर्जिनिनही घालून, रूढ पातळीपेक्षा दीड-दोन टक्के प्रथिने उतरवणे सुरक्षित आणि फायद्याचे आहे. त्याच्या खाली जाण्यासाठी लागणारी मोजमापे आज फार थोड्यांकडे आहेत. आणि प्रथिनांचा टक्का ध्येय म्हणून कमी करत सुटणे हीसुद्धा टक्क्याचीच पूजा आहे.

सुट्या अमिनो आम्लांना ग्राहकांच्या बाजूने विरोध होतो तो ‘रसायन’ म्हणून. त्याला जोडूनच कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात हा समज घराघरांत पक्का आहे. हॅव्हेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यावर पुरेसे बोलतो. जुन्या, निवड न केलेल्या जातीचा पक्षी १९५७ च्या खाद्यावर ४२ दिवसांत ५३९ ग्रॅमचा झाला, तर २००१ ची जात २००१ च्या खाद्यावर २,६७२ ग्रॅमची. फरकातला ८५ ते ९० टक्के वाटा पैदाशीतल्या निवडीचा आणि उरलेला आहाराचा निघाला. हार्मोनला त्यात जागा नाही. मिसळलेले मेथिओनिन पेट्रोरसायनांपासून बनते हे खरे, पण आतड्यातून रक्तात गेल्यावर आणि एल रूपात आल्यावर ते पेंडीतल्या मेथिओनिनपासून वेगळे ओळखता येत नाही. उलट प्रतिजैविके कमी करायची असतील तर अमिनो आम्लांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपक्ष्यांतील वापरावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली, ती योग्यच होती. आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर थ्रिओनिनने समृद्ध असतो आणि कॉक्सिडिओसिससारख्या रोगात त्याची झीज वाढते, त्यामुळे औषधांशिवाय पक्षी वाढवताना थ्रिओनिनची काटकसर महागात पडते. आयातीवरचे अवलंबन हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आपली बहुतांश अमिनो आम्ले बाहेरून येतात आणि जगात ती बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. नव्वदच्या दशकात लायसिनचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत एका बड्या कंपनीला सात कोटी डॉलर दंड झाला होता. यावर उपाय देशात किण्वनाचे उद्योग उभे करणे हा आहे. मळी आणि मक्याचा स्टार्च हा त्यांचा कच्चा माल आपल्याकडे आहे.

प्रथिनांच्या किमान टक्क्यामुळे लहान शेतकऱ्याची फसवणूक टळते, असे मानकाच्या बाजूने सांगितले जाते. ते अंशतः खरे होते, जेव्हा तेवढेच मोजता येत होते. मानकात आज लायसिन आणि मेथिओनिनचेही किमान आकडे आहेत, पण ते एकूण प्रमाणाचे आहेत, पचनीय नाहीत. थ्रिओनिन-व्हॅलिनचा तोल तर सोडाच, निव्वळ टक्का राखण्यासाठी कमी प्रतीची पेंड घातलेले खाद्य मानकानुसार चोख ठरते आणि कमी पेंडीचे पण तोललेले खाद्य कमअस्सल. इन्फ्रारेड किरणांवर चालणारी यंत्रे मोठ्या खाद्य कारखान्यांत आता नित्याची झाली आहेत आणि ती मिनिटभरात अमिनो आम्लांचा अंदाज देतात. तेव्हा मोजता येत नाही ही सबब संपली आहे.

शेवटचा आक्षेप सोयाबीन उत्पादकाचा आहे आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेल्यावर कोंबडी उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जनुकीय सुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला तो घाव वाटला. २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना बाजार त्याखाली राहिला आणि पेंडीची मागणी घटण्यात डीडीजीएसचाही वाटा होता. आता अमिनो आम्ले घालून पेंड आणखी कमी करा, असे सांगणे त्याच्या मुळावर येणार नाही का? पेंडीचा वापर किलोमागे थोडा घटेल, हे मान्य करावे लागेल. पण टक्क्याचा बाजार आज सोयाबीनवर मोठा अन्याय करतो आहे. त्यात डीडीजीएसचा नत्र आणि सोयाबीनचा नत्र एकाच तराजूत पडतात. पचनीय लायसिनचा तराजू लावला तर वनस्पतिजन्य पेंडींत सोयाची बरोबरी करणारी दुसरी पेंड आपल्या बाजारात मोठ्या प्रमाणात नाही. जो कारखाना पेंड बेताने शेकतो आणि प्रत्येक खेपेची विद्राव्यता लिहून देतो, त्याला जास्त भाव देण्याचे कारण खरेदीदाराला मिळेल. करपलेल्या पेंडीला तो भाव मिळणार नाही, आणि मिळूही नये. मिलच्या दारात होणारी ही विभागणी शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल, कारण बाजार समितीत सोयाबीनची प्रत अजून ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे यांवरच ठरते. पेंड घेणाऱ्या मोठ्या खाद्य कंपन्यांनी आणि करारावर पक्षी देणाऱ्यांनी खरेदीच्या अटींत पचनीय लायसिन आणि विद्राव्यता हे दोन रकाने घातले, तर सुरुवात व्हायला सरकारी अधिसूचनेची वाट पाहावी लागणार नाही.